मातीचा वाडगा : संग्रह, वापर आणि साक्ष

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात येणारा प्रेक्षक प्रथम पोसायडनच्या कांस्यमूर्तीपाशी थांबतो, आणि ते स्वाभाविकच आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास सापडलेल्या कांस्यवस्तूंत ही चिमुकली मूर्ती होती. भूमध्यसागराच्या परिसरात घडलेली वस्तू पंचगंगेच्या काठी यावी याचे आश्चर्य अद्याप ओसरलेले नाही. परंतु लगेच पुढच्या हंगामात, म्हणजे १९४५-४६ साली, डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे या टेकाडाचे जे रीतसर उत्खनन केले, त्यात काळाचा क्रम लावण्याचे काम मूर्तींपेक्षा खापरांनी अधिक केले. वाडगे, परळ, झाकण्या, रांजणांचे काठ, असल्या फुटक्यातुटक्या तुकड्यांची प्रतवारी करून, त्यांच्या मातीचा पोत, लेप व भाजणी पाहून, कोणता थर सातवाहनांचा आणि कोणता बहामनी काळाचा हे ठरविण्यात आले. १९५२ साली प्रसिद्ध झालेला त्या उत्खननाचा वृत्तांत आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच.

मातीच्या भांड्याची साक्ष इतिहासात किती मोलाची असते, हे सिद्ध करण्याची गरज म्हणून या विभागात तरी उरलेली नाही. आश्चर्य असे की, ही साक्ष आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापराकडून आवर्जून घेतो आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या भांड्याकडून घेण्याचे मनातही आणीत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर, साधारणतः १९४५ ते १९६५ या वीस वर्षांत, कलावंत-कुंभारांनी व त्यांच्या प्रभावाखालील ग्रामोद्योगी केंद्रांनी घडविलेले वाडगे आज हौशी संग्राहकांच्या काचेच्या कपाटांत जाऊ लागले आहेत. त्यांचा संग्रह होतो ही आनंदाची गोष्ट होय. मात्र तो ज्या दृष्टीने होतो, त्या दृष्टीमुळे या वस्तूंचा ऐतिहासिक अर्थ पुसला जाण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

ज्याला इंग्रजीवरून ‘स्टुडिओ पॉटरी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या प्रकाराची व्याख्या सोपी आहे : माती मळण्यापासून भट्टी उतरविण्यापर्यंतची सर्व कामे एका व्यक्तीच्या किंवा लहानशा कार्यशाळेच्या हातून होतात, आणि घडविणारा स्वतःला कारागीर व कलावंत असे दोन्ही मानतो. बर्नार्ड लीच यांनी शोजी हमादा यांच्यासह १९२० साली इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे कार्यशाळा काढली, तेथून या चळवळीचा पाश्चात्त्य इतिहास मोजतात. जपानात सोएत्सु यानागी यांनी अनामिक कारागिराच्या साध्या, नित्योपयोगी भांड्यांतील सौंदर्याचा पुरस्कार केला. आपल्याकडे सरदार गुरुचरणसिंग हे १९१९ साली मृत्तिकाशास्त्र शिकण्यासाठी जपानला गेले आणि या मंडळींच्या सहवासात आले. पुढे १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत निळ्या झिलईच्या भांड्यांची आपली कार्यशाळा सुरू केली. भारतीय स्टुडिओ पॉटरीचा इतिहास बहुधा या नावापासूनच सांगितला जातो.

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास एक पूर्वपीठिका मुंबईला सापडते. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिलईदार भांडी होऊ लागली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून उचललेली वेलबुट्टी व आकृती त्यांवर रंगविलेल्या असत. आजही भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. ती प्रेक्षणीय आहेत. परंतु प्रदर्शनासाठीच जन्मलेली आहेत. त्यांत कोणी आमटी वाढून घेतली असेल असे वाटत नाही. म्हणून आमच्या विषयाचा आरंभ मुंबईपेक्षा वर्ध्यास मानणे अधिक सयुक्तिक होय.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे कार्य सुरू झाले. १९३६ पासून महात्मा गांधींचा मुक्काम सेवाग्रामला राहिला. १९३७ च्या वर्धा शिक्षणपरिषदेनंतर नई तालीमची कल्पना आकारास आली. या वातावरणात १९४४ साली शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. पुढे लंडनला जाऊन युद्धविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेचे कार्य त्यांनी अनेक वर्षे केले. १९८३ मध्ये ते भारतात परतले व २०११ साली निवर्तले. त्यांच्या कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन दिल्लीच्या ललित कला अकादमीत २०१० साली झाले, तेव्हा कुठे कलाजगताने त्यांची पुरेशी दखल घेतली. त्यांच्या दृष्टीने चाकावर वाडगा घडविणे आणि मुलाला शिक्षण देणे ही दोन निराळी कार्ये नव्हती. हात, साहित्य आणि उपयोग यांचा मेळ बसला की सौंदर्य आपोआप येते, अशी त्या परंपरेची धारणा होती.

सेवाग्रामच्या या धारणेला उद्योगाची जोड देण्याचे प्रयत्न लवकरच झाले. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली ग्रामोदय संघ उभारला. जवळपास माती चांगली, आणि वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा हाताशी. कुंभाराच्या उघड्या आव्याऐवजी उंच उष्णतामानाची भट्टी चालविण्यास ही जागा योग्यच होती. दक्षिणेकडे बेळगावपलीकडील खानापूरच्या मातीची ख्याती जुनी असून खादी-ग्रामोद्योगाच्या व्यवस्थेत तेथे ग्रामीण कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. १९५२ साली अखिल भारतीय हस्तोद्योग मंडळ आणि १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाल्यामुळे अशा केंद्रांना सरकारी आश्रय लाभला.

येथे तंत्राची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गावच्या कुंभाराचा आवा शेणी, पाचोळा व लाकूड यांवर पेटतो आणि सुमारे ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्या भाजणीतून निघालेले भांडे सच्छिद्र राहते. पाणी झिरपते, म्हणूनच माठातले पाणी थंड होते. हीच सच्छिद्रता अन्न वाढण्याच्या भांड्यात दोष ठरते. बाराशे अंशांच्या वर नेलेले, झिलई दिलेले स्टोनवेअर मात्र पाणी, तेल व आंबट यांपैकी काहीच शोषीत नाही. भद्रावतीसारख्या केंद्रांत उच्च भट्टी आणि झिलई यांचा जो आग्रह धरण्यात आला, त्यामागे कुंभाराचे उत्पन्न वाढविण्याचा हेतू होता हे उघड आहे. परंतु आमच्या मते त्याचा परिणाम अधिक खोल जाणारा होता. मातीचे भांडे चुलीवरून व पाणवठ्यावरून उचलून जेवणाऱ्याच्या समोर ठेवण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली, आणि महाराष्ट्रात ही शक्यता साधी नव्हती.

सातवाहनकालीन थरांत मातीचे वाडगे व थाळ्या विपुल मिळतात. काळ्या-तांबड्या भांड्यांचेच उदाहरण घेतले तर, भट्टीत पालथी घातल्यामुळे आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी झालेली ही भांडी जेवणाखाण्याची आहेत याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बौद्ध भिक्षूला लोखंडाचे किंवा मातीचे पात्र विनयग्रंथांनी मान्य केले होते, हेही सर्वश्रुत आहे. मग ज्या प्रदेशात लोक एके काळी मातीच्या वाडग्यात जेवत होते, तेथे विसाव्या शतकापर्यंत पितळ, कासे आणि केळीचे पान यांनी मातीला पानावरून इतके दूर का सारले?

धातू स्वस्त झाला, हे एक उत्तर. पण ते अपुरे आहे. धर्मशास्त्रातील द्रव्यशुद्धीचा विचार येथे साहाय्यास येतो. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) या प्रकरणाचा ऊहापोह आहे. धातूचे भांडे राख, चिंच व पाणी यांनी शुद्ध होते. मातीचे भांडे मनुस्मृतीप्रमाणे पुन्हा भाजल्यानेच शुद्ध होते, आणि काही स्पर्शांनंतर तर तेवढ्यानेही नाही. ज्या वस्तूची शुद्धी होऊ शकत नाही ती एकदा वापरून टाकावी लागते. उत्तरेत त्यातून कुल्हडाची रीत आली. आपल्याकडे ते काम पत्रावळ व द्रोण यांनी केले. कुंभार बलुतेदार होता, त्याच्या मडक्यावाचून गावगाडा चालत नव्हता. सुगडे, पणत्या, लग्नातील व अंत्यविधीतील मडके सारे त्याच्याकडून येई. तरीही जेवणाऱ्याच्या पानाशेजारी त्याच्या हातच्या वाडग्याला जागा नव्हती.

याची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. त्याच स्मृतीत चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे असे सांगितले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतील पुण्याचे जे वर्णन केले, त्यात अस्पृश्याच्या गळ्यातील मडक्याचा उल्लेख आहे. म्हणजे हलक्या भाजणीची माती ही केवळ गरिबीची खूण नव्हती. विशिष्ट माणसांच्या अंगावर लादलेली ती सामाजिक खूण होती. हे ज्याच्या ध्यानात नाही, त्याला आश्रमातील मातीचा वाडगा हा साधेपणाचा छंद वाटेल.

शुद्धाशुद्धतेच्या या तटबंदीला चिनी मातीने दोन ठिकाणी भगदाड पाडले. पहिले लोणच्याच्या बरणीने. आंबट पदार्थ पितळेत कळकतो. सोवळ्यातील स्वयंपाकघरालाही मिठाच्या झिलईची बरणी पत्करावी लागली. सौराष्ट्रातील थान-मोरवी भागात परशुराम गणपुले या मराठी उद्योजकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिनी मातीचा जो कारखानदारी व्याप उभा केला, त्याच्या पाठीशी ही घरगुती गरजही होती. दुसरे भगदाड चहाच्या कपबशीने पाडले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले हे सांगावयास नको. प्रश्न चहा देणाऱ्याच्या हाताचा होता. पण कप हा त्या हाताचाच विस्तार होय. कोल्हापुरात तर ही कथा अधिक उजळ आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या साहाय्याने गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल काढले आणि छत्रपती तेथे येऊन चहा घेऊ लागले, ही घटना आमच्या शहराच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाची साक्ष आहे. अस्पृश्यांसाठी हॉटेलाबाहेर वेगळे कप ठेवण्याची चाल जेथे सर्रास होती, त्या काळात त्या दुकानातील कपाला कोणत्या ओठांचा स्पर्श होतो हा राजकीय प्रश्न होता.

मध्य-शतकातील स्टोनवेअर वाडग्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. कुंभाराच्या चाकावर घडलेला, झिलईमुळे धुऊन पुन्हा वापरता येणारा, आणि कोणीही कोणाच्याही शेजारी बसून ज्यात जेवावे असा हा वाडगा म्हणजे, शब्दांत न मांडलेला, एक सुधारणावादी प्रस्ताव होता. तो फारसा स्वीकारला गेला नाही. एक तर किंमत. उच्च भट्टीचे इंधन व झिलईचे साहित्य यांचा खर्च कोणी टाळू शकत नव्हते. दुसरे, आकाराची अडचण. मराठी ताटातील वाटी लहान असते, आणि सुबक स्टुडिओ-वाडगा ताटात मावत नाही. (कोल्हापुरी रश्शाला तो उत्तम शोभला असता, पण रस्सा करणाऱ्यांना ते कोणी सांगितले नाही.) तिसरे कारण सर्वांत प्रबळ होते. १९६० नंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर गेले. न फुटणारे, कल्हई न मागणारे, आणि बोहारणीला जुनी लुगडी देऊन घेता येणारे भांडे पुढे ठाकल्यावर मातीच्या वाडग्याचा निभाव लागणे कठीणच होते. तो हळूहळू दिवाणखान्यात गेला. कोणी त्यात फुले ठेवली, कोणी किल्ल्या.

आता संग्रहाकडे वळू. संग्राहक वाडगा हातात घेतो तो प्रथम उलटा करतो, आणि ही त्याची सवय अगदी योग्य आहे. भांड्याचे चरित्र त्याच्या बैठकीवर लिहिलेले असते. चाकावरून दोऱ्याने कापल्याच्या वक्र रेषा, नंतर खरडून काढलेले कडे, झिलई न लागलेल्या पट्टीत उघडी दिसणारी माती, भट्टीतील वाळूचे चिकटलेले कण, या सर्वांवरून घडण, भाजणी व पुष्कळदा प्रदेशही अजमावता येतो. राखेच्या झिलईचा ओघळ कोठे थांबला यावरून भट्टीच्या उष्णतेचा अंदाज बांधता येतो. इथपर्यंत संग्राहकाची व पुरातत्त्वज्ञाची रीत एकच आहे.

पुढे मात्र ते वेगळे होतात. संग्राहकाला सही हवी असते. ज्या चळवळीने अनामिक कारागिराचे गुणगान केले, तिच्याच वस्तूंचे मोल नावावरून ठरावे, यात विनोद आहे. सेंट आइव्हजच्या नित्य वापराच्या भांड्यांवर कार्यशाळेची मुद्रा असे, घडविणाऱ्या व्यक्तीची नसे. हमादांनी तर मायदेशी परतल्यावर भांड्यावर खूण करणेच सोडले. त्यांची सही मिळते ती भांड्याच्या लाकडी पेटीवर. ही जपानी पेटी आम्हाला विशेष उद्बोधक वाटते, कारण ती वस्तूला न डागाळता वस्तूची माहिती तिच्यासोबत ठेवते. नावाचा महिमा पाहावयाचा असेल तर मार्च २००९ मधील न्यूयॉर्कचा लिलाव आठवावा. त्यात गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, थाळी आणि वाडगा मिळून सुमारे १८ लाख डॉलरांना विकले गेले. तो वाडगा धातूचा, आणि अन्यथा अगदी सामान्य होता.

संग्राहकाला दुसरी गोष्ट हवी असते ती म्हणजे निर्दोष अवस्था, आणि आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. झिलईवर कालांतराने बारीक तड्यांची जाळी पडते. वाडगा खरोखर जेवणात वापरला गेला असेल तर त्या जाळीत हळदीचा पिवळेपणा मुरतो, तळाशी चमच्याचे ओरखडे पडतात, बैठकीचे कडे फरशीवर घासून गुळगुळीत होते. विक्रेता हे सारे रसायनांनी घालवू पाहतो, कारण स्वच्छ वाडग्याला अधिक किंमत येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र नेमका तो पिवळेपणाच हवा आहे. मातीच्या वाडग्यातून जेवण्याचा प्रस्ताव कोणत्या घरांनी स्वीकारला, आणि कोणत्या घरांनी तो शोभेपुरता ठेवला, या प्रश्नाचे उत्तर छापील अहवालात मिळत नाही. तेथे उत्पादनाचे व प्रशिक्षणार्थींचे आकडे असतात; जेवणाऱ्याचा हात नसतो. तो हात हळदीच्या डागात आहे. ब्रह्मपुरीच्या खापरावरील काजळी जर कोणी घासून काढली असती, तर आपण त्याला काय म्हटले असते?

(एक व्यावहारिक सूचना येथेच करणे इष्ट : कमी उष्णतेवर भाजलेल्या जुन्या चकचकीत भांड्यांच्या झिलईत शिसे असण्याचा संभव असतो, व चिंच, कोकम, ताक अशा आंबट पदार्थांनी ते सुटते. अभ्यासासाठी मिळविलेल्या वाडग्यात जेवण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.)

मराठी संग्राहकांपैकी या दृष्टीला सर्वांत जवळचे म्हणजे पुण्याचे दिनकर केळकर. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, स्वयंपाकाची भांडी अशा वापरलेल्या वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले. झिजलेली वस्तू त्यांना वर्ज्य नव्हती. झीज हेच तिचे सौंदर्य होते. परंतु त्यांच्या संग्रहातही जिव्हाळा प्रामुख्याने धातू व लाकूड यांचा. मातीची वस्तू फुटते, आणि आपल्याकडे फुटलेली वस्तू घरात ठेवणे अशुभ मानतात. या दोन कारणांनी अलीकडच्या काळातील मातीकाम मराठी संग्रहालयांतून विरळ आहे, तर दोन हजार वर्षांपूर्वीचे पेट्या भरभरून आहे.

कोल्हापूर-सांगली-बेळगाव या पट्ट्यात सर्वोदयी कार्यकर्ते, बुनियादी शाळांतील शिक्षक आणि खादीभांडारांतून नियमाने खरेदी करणारी कुटुंबे त्या काळी होती. त्यांच्या घरांतील फडताळे आता तिसऱ्या पिढीच्या हाती आहेत. वाडे पाडून इमारती उठताना भांडी मोडीत निघतात. पितळ तरी तोलून विकले जाते, मातीला तेही भाग्य नाही. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने या पट्ट्यातील चाळीस-पन्नास घरांची पाहणी हाती घेतली, तर दोन वर्षांत उत्तम प्रबंधिकेची सामग्री जमेल. वाडगा विकत घेण्याची आवश्यकता नाही. त्याचे मोजमाप, बैठकीचे छायाचित्र, डागांची नोंद, तो घरात कोणी, कोठून व केव्हा आणला याचे घरच्यांच्या शब्दांतील निवेदन, आणि त्यात काय वाढले जाई, कोणाला वाढले जाई, एवढे टिपले तरी पुरे. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटेल. आजीबाई कदाचित सांगतील की तो वाडगा पाहुण्यांसाठी होता. कोणत्या पाहुण्यांसाठी, हे पुन्हा विचारावे. मोलकरणीच्या चहाचा कप जेथे ठेवीत, त्याच फळीवर तो ठेवला जात असे असे कळले, तर ती नोंद काटेकोरपणे, फळीच्या जागेसह करावी.